बिस्मथ टेल्युराइड-सेलेनाइडचं इलेक्ट्रोडिपॉझिशन: बाथ बनवण्यापासून फिल्म तपासण्यापर्यंत

इलेक्ट्रोडिपॉझिशन म्हणजे द्रावणातून वीज सोडून पट्टीवर पदार्थाचा पातळ थर, म्हणजे फिल्म, बसवणं. पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. स्टीलच्या पट्टीवर काळी भुकटी, बोट लावलं की निघणारी. सोबत प्रश्नही ठरलेला: "पोटेन्शियल किती ठेवू?" मी आधी बाथ, म्हणजे ते द्रावण, कसा बनवला ते विचारतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा दोष तिथेच निघतो. फिल्म बिघडली की लोक पोटेन्शिओस्टॅटचा (पट्टीचं पोटेन्शियल ठरवून धरणाऱ्या यंत्राचा) आकडा बदलत बसतात. खरी चूक मात्र आदल्या दिवशी बीकरमध्ये किंवा रेफरन्स इलेक्ट्रोडमध्ये (ज्याच्या सापेक्ष पोटेन्शियल मोजतात त्यात) झालेली असते. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि प्रत्यक्ष डिपॉझिशनला कमी.

उदाहरण म्हणून एकच पदार्थ घेतो: बिस्मथ टेल्युराइड, ज्यात टेल्युरियमची थोडी जागा सेलेनियमने घेतली आहे. बिस्मथ २, टेल्युरियम २.७ आणि सेलेनियम ०.३ या प्रमाणाचा हा एन-प्रकारचा (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा) थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमानाच्या फरकातून वीज देणारा, सेमीकंडक्टर. अणूंच्या टक्केवारीत बोलायचं तर ४०, ५४ आणि ६. हा पाण्यातल्या आम्लधर्मी द्रावणातून, खोलीच्या तापमानाला, एकाच बाथमधून बसवता येतो. कॅडमियमची संयुगं याच तत्त्वावर बसतात, पण त्यांच्या बाथची रसायनं वेगळी असतात. इथले आकडे तिकडे नेऊ नका.

टप्पा १ : काय घडणार आहे, ते आधी समजून घ्या

द्रावणातलं सेलेनियम सगळ्यांत सहज क्षपित होतं (इलेक्ट्रॉन घेऊन घनरूपात बसतं), त्यानंतर टेल्युरियम आणि शेवटी बिस्मथ. प्रमाणित पोटेन्शियल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या सापेक्ष अनुक्रमे सुमारे ०.७४, ०.५५ आणि ०.३१ व्होल्ट आहेत. म्हणजे इलेक्ट्रोडवर आधी टेल्युरियम आणि सेलेनियम बसतात आणि बिस्मथ त्यांच्याशी संयुग करत येतो. संयुग होताना ऊर्जा सुटते, त्यामुळे एकट्या बिस्मथला जितकं ऋण पोटेन्शियल लागलं असतं त्याच्या अलीकडेच तो बसू लागतो. आपल्याला काम करायचं आहे ते या अलीकडच्या पट्ट्यात. फार ऋण गेलात तर बिस्मथ स्वतःच्या जोरावर बसतो, थर बिस्मथने भरतो आणि झाडासारखे फाटे फुटून काळी भुकटी होते.

एक हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बिस्मथ टेल्युराइडचा एक रेणू बसायला १८ इलेक्ट्रॉन लागतात. घनता घन सेंटिमीटरला ७.८६ ग्रॅम धरली तर १ चौरस सेंटिमीटरवर १ मायक्रोमीटर जाडीचा थर बसायला सुमारे १.७ कूलोम लागतात. पुढचे बरेच निर्णय याच आकड्यावरून घ्यायचे आहेत.

टप्पा २ : पाणी आणि भांडी

आरओ फिल्टरचं पाणी म्हणजे डीआय (आयन काढून टाकलेलं) पाणी नव्हे. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणीही नव्हे. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि बिस्मथची क्लोराइडशी चांगली गट्टी जमते: आम्ल थोडं कमी पडलं की पांढरा बिस्मथ ऑक्सिक्लोराइड खाली बसतो. १८ मेगाओमचं अतिशुद्ध पाणी मिळत असेल तर तेच वापरा.

*तपासणी:* टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली पाणी घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाचे दोन थेंब टाका. नळाचं पाणी लगेच दुधाळ होतं. तुमचं पाणी काळ्या कागदासमोर धरल्यावर नितळ दिसलं पाहिजे. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही, तरी ती कोणी करत नाही.

काचेची भांडी पातळ नायट्रिक आम्लात तासभर भिजवून डीआय पाण्याने तीनदा विसळा. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेली भांडी या कामाला घेऊ नका.

टप्पा ३ : बाथ, आणि त्यातला क्रम

हा टप्पा घाईत उरकू नका. एका दिवसाची सोय ठेवा.

आधी १ मोलर नायट्रिक आम्ल ५०० मिली बनवा. सुमारे ४०० मिली पाण्यात ६९ टक्क्यांचं तीव्र आम्ल ३२ मिली हळूहळू ओता आणि थंड झाल्यावर ५०० मिलीपर्यंत भरा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. काम धूर ओढणाऱ्या कपाटात, चष्मा आणि नायट्राइल हातमोजे घालून.

इथून पुढे प्रत्येक गोष्ट याच आम्लात विरघळवायची आणि याच आम्लाने भरायची. बाथमध्ये साधं पाणी एक थेंबही जाता कामा नये. १०० मिली बाथसाठी क्रम असा:

१. टेल्युरियम डायऑक्साइड ०.१४४ ग्रॅम, ७० मिली आम्लात. हा पदार्थ फार हट्टी आहे. बीकर झाकून, ५० ते ६० अंशांवर, चुंबकीय ढवळणीवर रात्रभर ठेवा. पूड जितकी बारीक तितकं काम सोपं.

२. द्रावण पूर्ण नितळ झालं आणि थंड झालं, की बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट ०.३६४ ग्रॅम. हे काही मिनिटांत विरघळतं.

३. सेलेनियम डायऑक्साइडचं स्टॉक द्रावण १० मिली. स्टॉक वेगळा बनवा: ०.१११ ग्रॅम, १०० मिली आम्लात. थेट बाथमध्ये ११ मिलिग्रॅम तोलायला गेलात तर तोलण्यातली चूकच तुमच्या सेलेनियमच्या प्रमाणात उतरते.

४. शेवटी आम्लाने १०० मिलीपर्यंत भरा.

आता तुमच्याकडे बिस्मथ ७.५, टेल्युरियम ९ आणि सेलेनियम १ मिलीमोलर आहे. फिल्ममध्ये हेच गुणोत्तर येईल असं समजू नका. ही फक्त सुरुवात आहे, फिल्म मोजल्यावर सेलेनियम कमी-जास्त करायचं आहे.

*सर्वांत जास्त होणारी चूक:* बिस्मथ नायट्रेट आधी पाण्यात टाकून मग आम्ल घालणं. पाण्यात पडताक्षणी ते पांढरं होतं, कारण बेसिक नायट्रेट तयार होतं. नंतर आम्ल घातल्यावर ते विरघळलंसं वाटतं, पण बारीक कण शिल्लक राहतात आणि तेच फिल्मवर पुटकुळ्या होऊन बसतात.

*दुसरी चूक:* न विरघळलेलं टेल्युरियम डायऑक्साइड गाळून टाकणं. द्रावण नितळ झालं खरं, पण आता त्यात टेल्युरियम किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गाळू नका, थांबा.

*पावसाळ्यातली काळजी:* सेलेनियम डायऑक्साइड हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडी ठेवून सावकाश तोललंत तर डोळ्यांसमोर स्फटिक ओलसर होऊन चमच्याला चिकटू लागतात, आणि काट्यावरचा आकडा वर चढत राहतो. डेसिकेटरमधून काढा, झाकणाच्या बाटलीत तोला, लगेच परत ठेवा. हे विषारी आहे. टेल्युरियमही अंगात जाऊ देऊ नका: थोडंसं गेलं तरी श्वासाला लसणासारखा वास अनेक दिवस येत राहतो.

*तपासणी:* खोलीतला दिवा बंद करून बीकरमधून लेझर पॉइंटरचा किरण सोडा. द्रावणात किरणाची रेघ दिसली तर कण आहेत. रेघ दिसता कामा नये.

टप्पा ४ : सबस्ट्रेट, म्हणजे जिच्यावर फिल्म बसते ती पट्टी

शिकताना ३०४ स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्या. नायट्रिक आम्लात ती टिकते आणि फिल्म नंतर सोलून काढता येते, ते पुढे उपयोगी पडतं. एफटीओ काच (वीजवाहक लेप दिलेली काच) अनेकांच्या कपाटात तयार असते म्हणून वापरली जाते, पण मिश्र संयुगासाठी मी ती टाळतो. तिचा पृष्ठरोध चौरसाला १० ते १५ ओहम असतो. ३ मिलीअँपिअर वाहत असताना क्लिपजवळची जागा आणि खालचं टोक यांच्यात काही दशक मिलीव्होल्टचा फरक पडू शकतो. वरती एक प्रमाण, खालती दुसरं. मग ईडीएक्स (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारी तपासणी) कुठे लावला त्यावर उत्तर बदलतं आणि विद्यार्थी यंत्राला दोष देतो.

पट्टी ६००, ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर क्रमाने घासा, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना काटकोनात. मग साबणाचं पाणी, डीआय पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकी १० मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये, आणि शेवटी पुन्हा डीआय पाणी.

*तपासणी:* पट्टी पाण्यातून उभी वर काढा. पाण्याचा पापुद्रा एकसंध राहिला पाहिजे. पाणी कुठे फाटून मण्यांसारखं गोळा झालं, तर तिथे तेल आहे. ते बहुतेक तुमच्या बोटाचंच असतं. पुन्हा धुवा. फिल्म जिथून सुटते ती जागा अनेकदा हीच निघते.

१ चौरस सेंटिमीटर सोडून बाकी भाग आणि मागची बाजू कॅप्टॉन टेपने किंवा नेलपॉलिशने झाका. नेलपॉलिश चांगली वाळू द्या. उघडा चौकोन पूर्ण द्रावणात बुडला पाहिजे. तो पाण्याच्या रेषेवर आला तर द्रावण वर चढतं आणि क्षेत्रफळ तुम्ही लिहिलंय ते राहत नाही.

टप्पा ५ : रेफरन्स इलेक्ट्रोड

मी स्वतः एकदा पंधरवडाभर एकाच मालिकेवर अडकलो होतो. एका प्रबंधातला उणे ०.१० व्होल्ट तसाच घेतला होता आणि प्रत्येक फिल्ममध्ये बिस्मथ जास्त येत होतं. बाथ दोनदा नव्याने बनवला. शेवटी प्रबंध परत उघडला तेव्हा दिसलं, तो आकडा कॅलोमेलच्या (पाऱ्याच्या क्लोराइडच्या इलेक्ट्रोडच्या) सापेक्ष होता. माझा इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा. म्हणजे मी दरवेळी सुमारे ४५ मिलीव्होल्ट जास्त ऋण जात होतो. या पदार्थाचं प्रमाण बिघडायला तेवढं पुरतं.

हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या सापेक्ष ही पोटेन्शियल लक्षात ठेवा: संपृक्त पोटॅशियम क्लोराइडमधला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड ०.१९७ व्होल्ट, ३ मोलर क्लोराइडमधला ०.२१, संपृक्त कॅलोमेल ०.२४, संपृक्त पोटॅशियम सल्फेटमधला मर्क्युरस सल्फेट ०.६४. कुठूनही आकडा उचललात तर आधी स्वतःच्या इलेक्ट्रोडवर बदलून घ्या आणि वहीत कशाच्या सापेक्ष ते प्रत्येक वेळी लिहा.

दुसरा मुद्दा गळतीचा. या इलेक्ट्रोडच्या टोकातून क्लोराइड हळूहळू बाथमध्ये झिरपतं. म्हणून दुहेरी जंक्शनचा इलेक्ट्रोड घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरा. मर्क्युरस सल्फेटचा इलेक्ट्रोड असेल तर ही कटकटच उरत नाही.

*तपासणी:* एक इलेक्ट्रोड फक्त तुलनेसाठी राखून ठेवा, त्यावर काम करू नका. रोज सकाळी दोन्ही एकाच क्लोराइड द्रावणात बुडवून मल्टिमीटरने फरक पाहा. ५ मिलीव्होल्टपेक्षा जास्त आला तर त्या दिवशी डिपॉझिशन नाही. टोकाजवळ आत हवेचा बुडबुडा अडकलाय का तेही पाहा, असेल तर थर्मामीटरसारखा झटका द्या.

काउंटरला, म्हणजे प्रवाहाचं वर्तुळ पुरं करणाऱ्या तिसऱ्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनमची जाळी, क्षेत्रफळ वर्किंगपेक्षा (आपल्या पट्टीपेक्षा) मोठं. ग्रॅफाइट चालतो, पण त्याचे कण गळतात.

टप्पा ६ : आधी सीव्ही (पोटेन्शियल खाली-वर फिरवून काढलेला प्रवाहाचा आलेख), मग डिपॉझिशन

बाथमधून २० मिनिटं नायट्रोजन सोडा. विरघळलेला ऑक्सिजन याच पट्ट्यात क्षपित होतो आणि तुमच्या कूलोमांतला वाटा खातो. त्यानंतर नळी द्रावणाच्या वर उचला. बुडबुडे चालू ठेवले तर ते पट्टीला चिकटतात आणि तिथे गोल भोकं राहतात.

सीव्ही स्टीलवर घेऊ नका, त्याचे स्वतःचे प्रवाह मध्ये येतात. प्लॅटिनम किंवा ग्लासी कार्बनवर, सेकंदाला १० मिलीव्होल्टने, अधिक ०.७ ते उणे ०.४ व्होल्ट. हा आणि इथून पुढचे सगळे आकडे संपृक्त सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या सापेक्ष आहेत. पाच वेळा घ्या: कोरं आम्ल, फक्त बिस्मथ, फक्त टेल्युरियम, फक्त सेलेनियम, आणि पूर्ण बाथ.

*सावधान:* उणे ०.४ व्होल्टच्या खाली जाऊ नका. फार ऋण पोटेन्शियलला सेलेनियम आणि टेल्युरियमपासून त्यांचे हायड्राइड वायू तयार होतात, आणि ते अत्यंत विषारी आहेत.

पूर्ण बाथचा आलेख परतीच्या बाजूने वाचा. सुटा बिस्मथ कमी धन पोटेन्शियललाच विरघळून जातो, संयुग मात्र त्याच्या बरंच पुढे. परतीत बिस्मथचं वेगळं शिखर दिसू लागलं, की तुम्ही खाली जास्त गेलात. उलटा टोकबिंदू थोडा थोडा वर आणत ते शिखर जिथे नाहीसं होतं, तिथून तुमचा कामाचा पट्टा सुरू होतो. एका सकाळीत होणारं हे काम पुढचे दोन आठवडे वाचवतं.

टप्पा ७ : डिपॉझिशन

पाच पट्ट्या घ्या आणि पाच पोटेन्शियल: अधिक ०.०२, उणे ०.०२, उणे ०.०६, उणे ०.१०, उणे ०.१५. प्रत्येकी वेळ नव्हे, चार्ज सारखा ठेवा. ५ मायक्रोमीटरसाठी ८.५ कूलोम. वेळ सारखी ठेवली तर जाडीही बदलते आणि तुलना कशाची करायची तेच कळत नाही.

न ढवळता करा. ढवळायचंच असेल तर वेग ठरवून घ्या आणि मालिकाभर तोच. बाथ २५ अंशांच्या पाण्यात ठेवा: पुण्यात डिसेंबरातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत एवढा फरक असतो की एकच कृती दोन वेगळ्या फिल्म देते.

सुरुवातीला प्रवाह उसळतो, मग खाली येऊन स्थिरावतो. या बाथमध्ये तो साधारण २ ते ४ मिलीअँपिअरवर राहतो. आलेखावर लक्ष ठेवा. प्रवाह संथपणे वाढतच राहिला तर थर खडबडीत होत चाललाय, क्षेत्रफळ वाढतंय. एकदम शून्याकडे गेला तर क्रोकोडाइल क्लिप पाहा. पावसाळ्यात आम्लाच्या वाफेने तिचे दात हिरवे पडतात.

पल्स (थांबून थांबून प्रवाह) देणाऱ्यांसाठी एक सूचना. विश्रांतीच्या काळात प्रवाह शून्य हवा, पोटेन्शियल शून्य नव्हे. यंत्रावर ०.०० व्होल्ट टाकलंत तर डिपॉझिशन चालूच राहतं, फक्त वेगळ्या प्रमाणात, आणि फिल्म थराथरांची होते.

वीज गेली तर फिल्म बाथमध्ये तशीच राहते आणि नायट्रिक आम्ल तिला खायला लागतं. पोटेन्शिओस्टॅटला यूपीएस हवाच. महावितरणची देखभालीची कामं आपल्याकडे बहुधा गुरुवारी निघतात, त्या दिवशी लांबची मालिका लावू नका.

टप्पा ८ : बाहेर काढणं आणि धुणं

आधी पट्टी उचला, मग यंत्र बंद करा. उलट केलंत तर मधल्या मिनिटभरात आम्ल आपलं काम करतं. आणि सेल चालू असताना रेफरन्सला कधीही हात लावू नका. तो बाहेर आला की यंत्राला पोटेन्शियल कळेनासं होतं, ते पूर्ण जोर लावतं आणि फिल्म जळून जाते.

पट्टी थेट पाण्यात बुडवू नका. अंगावर चिकटलेल्या बाथच्या थेंबात बिस्मथ आहे, आणि पाणी मिळताच तो पांढरा होतो. टप्पा ३ मधली तीच चूक इथे पुन्हा होते. दोन सेकंद १ मोलर कोऱ्या आम्लात, मग लगेच भरपूर डीआय पाण्यात, मग नायट्रोजनच्या मंद झोतात वाळवा. केस वाळवायचं यंत्र लावू नका.

टप्पा ९ : तपासण्या

डोळ्यांनी आधी. राखाडी, धातूसारखी, सारख्या रंगाची फिल्म बरोबर. काळी आणि मऊ असेल तर पोटेन्शियल जास्त ऋण. लालसर छटा असेल तर सेलेनियम सुटं बसलंय.

मग वजन. पट्टी आधी तोललेली असेलच. सेलेनियम धरून या संयुगाचे कूलोमला ०.४५ मिलिग्रॅम बसायला हवेत, म्हणजे ८.५ कूलोमला ३.८५. बरंच कमी आलं तर ऑक्सिजन राहिलाय किंवा थर गळून पडलाय. सेलच्या तळाशी पाहा.

ईडीएक्स किमान पाच ठिकाणी घ्या, वर आणि खाली दोन्हीकडे. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची जाळी पाहण्याच्या तपासणीत) तांब्याच्या किरणांनी बिस्मथ टेल्युराइडची शिखरं २७.७ आणि ४१.१ अंशांजवळ येतात. सेलेनियम जाळीत शिरलं असेल तर ती किंचित मोठ्या कोनाकडे सरकतात. ईडीएक्समध्ये सेलेनियम दिसतंय पण शिखरं जागची हलली नाहीत, तर ते जाळीत नाही, बाजूला सुटं पडलंय. पाचातली सर्वांत चांगली पट्टी निवडा, सेलेनियमचं स्टॉक कमी-जास्त करा, आणि त्या पोटेन्शियलच्या आसपास १० मिलीव्होल्टच्या पायऱ्यांनी पुन्हा करा.

विद्युत मापनं स्टीलवर घेऊ नका. प्रवाह फिल्ममधून नाही, स्टीलमधून जातो, आणि आकडे सुंदर येतात म्हणून अनेकांना संशयही येत नाही. फिल्मवर अॅराल्डाइटने काच चिकटवा, २४ तास ठेवा, मग पट्टीपासून सोलून घ्या. सोललेल्या फिल्मवर मल्टिमीटरची लाल पिन सोल्डरिंगच्या इस्त्रीने गरम करून टेकवा, काळी थंड. आकडा धन आला तर पदार्थ एन-प्रकारचा आहे.

अॅनीलिंग (फिल्म तापवून ठेवणं) करायचं तर सोलण्याआधी, नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये, २०० ते २५० अंशांत, तासभर. त्यावर गेलात तर टेल्युरियम आणि सेलेनियम उडू लागतात. गरम केल्यावर ईडीएक्स पुन्हा घ्या.

टप्पा १० : बाथ किती चालवायचा, आणि नंतर कुठे टाकायचा

८.५ कूलोमची एक फिल्म १०० मिली बाथमधलं सुमारे दीड टक्का टेल्युरियम आणि तेवढंच सेलेनियम घेते. दहा फिल्ममध्ये १५ टक्के. मालिकेतली पहिली आणि दहावी पट्टी एकाच बाथची नसते. मी पाचांनंतर नवा घेतो आणि वहीत प्रत्येक नमुन्यासमोर बाथचा क्रमांक लिहितो.

वापरलेला बाथ बेसिनमध्ये ओतू नका, ते पाणी शेवटी मुळा-मुठेतच जातं. वेगळ्या काचेच्या बाटलीत साठवा, हवा सुटेल असं झाकण लावा, त्यावर बिस्मथ, टेल्युरियम, सेलेनियम, नायट्रिक आम्ल आणि तारीख लिहा, आणि संस्थेच्या घातक कचऱ्यात द्या. पुणे परिसरासाठी रांजणगावला अशा कचऱ्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. टप्पा ४ मधलं ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल या बाटलीत कधीही ओतू नका. नायट्रिक आम्ल आणि ते एकत्र आले की वायू सुटतो, बाटली तापते आणि फुटू शकते. दोन बाटल्या, दोन रंगांची लेबलं, आणि एकाच खणात शेजारी शेजारी नाही.